डायसाठी उपाशी कशाला?

चंदगडहून कोल्हापूरला सीटीस्कॅनसाठी निघालेला मधुमेही माणूस शंभरएक किलोमीटर एसटीत बसतो, मग नंबर येईपर्यंत ताटकळतो. ‘डायचं इंजेक्शन आहे, उपाशीपोटी या’ एवढंच त्याच्या कानावर पडलेलं असतं, म्हणून तो सकाळपासून पाणीही घेत नाही. मला ही सरसकट सूचना चुकीची वाटते. तिच्यामागे उलटीची भीती आहे, आणि ती ज्या जुन्या डायमुळे रुजली ते आता शिरेतून देण्यासाठी बहुतांशी मागे पडले आहेत. डायमधलं आयोडीन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. जुने आयनिक डाय रक्ताच्या पाच-सातपट संहत असत. स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांनी कमी संहत, बिगर-आयनिक डायची कल्पना मांडली आणि चित्र पालटलं. जपानमध्ये ३,३७,६४७ तपासण्यांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या डायने ४.५८ टक्के लोकांना मळमळलं, नव्या डायने १.०४ टक्के, उलटीचं प्रमाण १.८४ वरून ०.४५ टक्क्यांवर आलं. शिवाय ही मळमळ पोटातल्या अन्नामुळे होत नाही. रक्तातल्या बदलाची दखल घेणाऱ्या मेंदूतल्या केंद्रातून ती उठते, असं मानलं जातं. पोट रिकामं ठेवून ती कशी टळणार?

उलटी श्वासनलिकेत गेली तर, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. भूल दिलेल्या, गुंगीत असलेल्या रुग्णाला तो पुरेपूर लागू पडतो. अशा रुग्णाने उपाशी राहायलाच हवं. पोटाच्या काही तपासण्यांनाही रिकामं पोट लागतं. पण शुद्धीवर असलेला माणूस मान वळवून उलटी बाहेर टाकू शकतो. म्हणूनच युरोपातल्या रेडिओलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचना नव्या डायसाठी उपवास गरजेचा मानत नाहीत. उलट शरीरातलं पाणी कमी झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलेल्याची साखर घसरू शकते. तेव्हा परस्पर खाऊन जाऊ नये, पण ‘माझ्या तपासणीला उपाशी राहायला हवं का, पाणी चालेल का, साखरेच्या गोळ्यांचं काय’ हे वेळ घेतानाच विचारावं.

दुसरा घोटाळा ॲलर्जीचा. अंगभर गरम वाटणं, तोंडाला धातूची चव येणं, थोडं मळमळणं हे बहुधा काही मिनिटांत ओसरतं. एका उलटीवरून फाइलवर ‘डायची ॲलर्जी’ असा शिक्का बसला, तर पुढे गरजेची तपासणीही टाळली जाऊ शकते. अंगावर गांधी, खाज, घसा आवळणं, धाप किंवा चक्कर जाणवली, तर मात्र मशिनमध्ये असतानाच मोठ्याने सांगावं; उलटी थांबतच नसेल तरीही. आणि काय झालं ते, डायच्या नावासकट, कागदावर लिहून घ्यावं.