गाडीलाही ‘माया’ ठेवावी

मागच्या वर्षी एप्रिलातली गोष्ट. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना तपासणीसाठी बार्शीहून सोलापूरला न्यावं लागत होतं. हे नोकरीनिमित्त पुण्यात, आमची छोटी गाडीही त्यांच्याचकडे. भाड्याच्या गाडीत चढता-उतरताना सासूबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. एक दिवस त्याच म्हणाल्या, “अगं, शेडमध्ये आपली फियाट उभी आहे ना? तुला येते की चालवायला. चल तिनंच.”

आमची फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1978 ची. मामंजींचं बार्शीत अडत दुकान होतं. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. ती घरी आली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती, असं सासूबाई अजूनही सांगतात. मामंजींना तिचा आणखी एक अभिमान होता. ती बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद मूळचे आपल्या सोलापूरचे! 1944 साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानं या गाड्या बनू लागल्या. 1964 पासून हे मॉडेल ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून विकलं जायचं, ‘पद्मिनी’ हे नाव 1974 चं. उत्पादन 2000 सालाच्या आसपास थांबलं, आणि ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. त्या दिवशी टीव्हीवरची बातमी बघताना आमच्या ह्यांचे डोळे भरून आले होते. मामंजी गेल्यापासून हे दर दिवाळीला गाडी धुऊन-पुसून, हार घालून गल्लीतून एक फेरी मारतात. बाकी वर्षभर ती शेडमध्ये. आणि घरात एक अलिखित नियम – बाबांनी ठेवली तशीच ठेवायची. एक स्क्रूही बदलायचा नाही.

पण मैत्रिणींनो, हार घालून फेरी मारणं वेगळं आणि त्याच गाडीतून बेचाळीस डिग्रीत सत्तर किलोमीटर जाणं वेगळं! रेक्झिनची सीट तापून तव्यासारखी. आतल्या स्प्रिंगा आणि काथ्या इतका बसलेला, की सासूबाई एकदा खाली बसल्या की उठायला दोन माणसं लागायची. पट्टे नाहीत, डोकं टेकायला काही नाही. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे गल्लीत गाडी वळवताना माझे दंड भरून यायचे. तरी दोन फेऱ्या केल्या. तिसऱ्या वेळी फोनवरून ह्यांना म्हटलं, “निदान एक पंखा आणि मोबाइल चार्ज करायची सोय तरी करू दे.” नाखुशीनंच हो म्हणाले.

स्टँडजवळच्या एका इलेक्ट्रिशियननं तासाभरात पंखा बसवला, चार्जिंगचा सॉकेट दिला आणि “दिवे मिणमिणते आहेत, जास्त पॉवरचे टाकतो” म्हणून हेडलाइटचे बल्बही बदलून दिले. मी खुशीत होते.

सोलापूरहून परतताना वैराग मागे टाकलं आणि अंधार पडला. दिवे लावले, पंखा चालूच होता. पाचेक मिनिटांत जळकट वास यायला लागला. आधी वाटलं शेतात काहीतरी पेटवलं असेल. मग डॅशबोर्डखालून धुराची रेघ दिसली. गाडी बाजूला घेतली, किल्ली बंद केली तरी धूर थांबेना. मामंजींची एक सवय कामी आली. डिकीत पाना कायम असायचा. बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा कुठे धूर थांबला. सासूबाईंना काठी आणि माझ्या खांद्याच्या आधारानं उतरवलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. ऑपरेशन झालेला पाय सरळ ठेवून, पदरानं तोंड पुसत त्या माउली मलाच धीर देत होत्या. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढून बार्शीला आणली. त्या रात्री मला झोप लागली नाही. धूर दोन मिनिटं उशिरा दिसला असता तर काय झालं असतं, हेच डोळ्यांसमोर येत होतं.

शनिवारी हे आले. अपेक्षेप्रमाणे भडकले. “म्हणून सांगत होतो, हात लावू नका! आता ही गाडी शेडमधून बाहेर निघायची नाही.”

मी गप्प. चूक तर झालीच होती. पण सासूबाई बोलल्या. “ओरिजिनल, ओरिजिनल काय लावलंयस रे? तुझ्या बाबांनी गाडी आणली त्याच उन्हाळ्यात सोलापूरहून छोटा पंखा आणून बसवला होता. मग टेप लावला. मागे पाठ दुखते म्हणाले तर मला लोकरीची गादी विणायला लावली. तुम्ही दोघं पोरं मांडीवर, तापलेलं रेक्झिन आणि घामानं भिजलेलं लुगडं. पंढरपूरला जाऊन येईस्तोवर मी अर्धी व्हायचे. मला कुणी विचारलं का, तुला आवडते का ही गाडी? आणि वाड्यात कमोड बसवताना तू असाच आडवा आला होतास. आज त्याच्यावाचून चालतं का माझं?”

हे नुसते बघत राहिले. अल्बम काढला. खरंच, 1981 च्या एका फोटोत डॅशबोर्डवर छोटासा पंखा दिसत होता. वर्षानुवर्षं तोच अल्बम आम्ही बघत होतो, पण पंखा कुणाच्या लक्षात आला नव्हता.

मग मात्र आम्ही नीट माहिती काढली. सोलापुरात जुन्या फियाटवर आयुष्य घालवलेले एक मिस्त्री भेटले. त्यांनी आधी वायरिंग बघितलं आणि कपाळावर हात मारला. “वहिनी, पंचेचाळीस वर्षांची वायर ही. वरचं रबर पापडासारखं झालंय. तिच्यावर जादा दिवे, पंखा, चार्जर, आणि मधे फ्यूज नाही! जळंल नाही तर काय हुईल?” त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्या अनेक घरांत अशी एखादी फियाट, अॅम्बॅसेडर नाहीतर जीप उभी असते.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. आधी ब्रेक, मग वायरिंग, मग इंजिन थंड ठेवण्याची सोय आणि सगळ्यात शेवटी आराम. आमच्या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. ते उघडून लायनर, सिलिंडर, होस सगळं नवं केलं. मग सगळं वायरिंग बदललं. प्रत्येक नव्या वस्तूला स्वतंत्र फ्यूज, आणि हेडलाइटला रिले. रिले म्हणजे काय? तर दिव्यांचा सगळा भार डॅशबोर्डवरच्या जुन्या बटणातून न नेता बॅटरीकडून थेट जाड वायरीनं न्यायचा. बटण फक्त इशारा देतं. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटरीला स्टार्टर असतो ना, तसंच.

पुढचा प्रश्न विजेचा. त्या काळच्या गाडीला डायनॅमो असतो. गाडी जागेवर उभी असताना, इंजिन हळू चालत असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. फाटकात अडकलात आणि पंखा, दिवे चालू असले तर सगळं बॅटरीवरच. म्हणून डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. तो इंजिन हळू असतानाही पुरेशी वीज देतो.

आता एसी. मी विचारलं तेव्हा मिस्त्री हसले. “गाडी चाळीसेक घोड्यांची. तीन-चार घोडे एसीच खाणार. चालंल का?” इंजिन अवघं 1089 सीसीचं. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यानं इंजिनलाच जोडलेला असतो, त्यामुळे एसी लावला की गाडी थोडी जड चालते. शिवाय एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते, म्हणजे रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याचे डबे घेऊन उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून रेडिएटर साफ करून विजेवर चालणारा पंखा त्याच्यापुढे लावला. डॅशबोर्डखाली लटकवायचं एसीचं छोटं युनिट मिळतं, ते घेतलं. चढ आला की मी एसी बंद करते. आणि छताच्या अस्तराखाली, दारांच्या आत फेल्ट घातलं. खरं सांगू? निम्मी गरमी त्यानंच कमी झाली, आवाजही.

पॉवर स्टिअरिंगचा हट्ट मी सोडला. दुसऱ्या गाडीची विजेवर चालणारी मोटर स्टिअरिंगला जोडून देणारे आहेत, पण आमच्या गाडीचा गिअरही स्टिअरिंगच्याच दांडीवर. तिथे कापाकापी करायला मिस्त्री तयार नव्हते. त्याऐवजी नवे टायर, हवेचा योग्य दाब, सगळ्या सांध्यांना ग्रीस आणि अलाइनमेंट. एवढ्यानंच फरक पडला. शिवाय गाडी किंचित हलती ठेवूनच स्टिअरिंग फिरवायचं, जागेवर नाही. जुन्या गाड्यांचं चाक एवढं मोठं का, तेही तेव्हा कळलं. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका लांब, तितका जोर कमी लागतो!

सासूबाईंसाठी केलेल्या सोयी सगळ्यात स्वस्तातल्या. सीटमधला काथ्या काढून घट्ट फोम भरला, त्यामुळे बैठक दोन इंच उंच झाली. वर रेक्झिनऐवजी सुती कापड. दाराच्या वर धरायला हँडल. आणि बसायला एक गोल फिरती गादी. आधी पाय बाहेर ठेवून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र घेऊन आत वळायचं. गुडघेदुखी असलेलं कुणी घरात असेल तर कुठल्याही गाडीसाठी ही गादी घ्याच.

आपल्याकडे गाड्यांना पुढचे सीटबेल्ट बंधनकारक झाले ते 1994 पासून, त्यामुळे आमच्या गाडीला ते नव्हतेच. मिस्त्रींनी बजावलं, “पट्टा नुसत्या पत्र्याला बांधू नका. धक्का बसला की पत्रा फाटतो.” म्हणून आतून जाड लोखंडी पट्टी बसवून, मगच बोल्ट आवळून पुढे-मागे पट्टे लावले.

हे एवढं सगळं चाललं असताना ह्यांचा जीव खालीवर होतच होता. तेव्हा मी शिवणकामातला दाखला दिला. ब्लाउज शिवताना आपण आत माया ठेवतो ना? पुढे उसवून सैल करता यावा म्हणून. तशीच गाडीलाही माया ठेवायची. एसीचं युनिट आधीच्याच भोकांतून आवळलं. काढलेला डायनॅमो, जुने बल्ब, सीटचं मूळ कव्हर, सगळं कापडात बांधून, चिठ्ठी लावून पेटीत ठेवलं. उद्या लेकाला वाटलं तर तो एका दिवसात गाडी 1978 सारखी करू शकेल. अपवाद फक्त पट्ट्यांचा आणि ब्रेकचा. तिथे पक्की शिलाई!

कायद्याचंही सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या नोंदणीपुस्तकातली माहिती मूळ गाडीशी जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. म्हणून इंजिन, इंधन, रंग, बॉडी यांतलं काही बदलायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नोंदणीचं नूतनीकरणही चुकवू नका. आणि नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवा, त्या पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात.

ह्यांच्या मनात आणखी एक होतं. जुलै 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. आमची गाडी 2028 मध्ये पन्नाशीची होईल. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मी ह्यांना एकच विचारलं, “2028 मध्ये ठरवू. आत्ता आईंना सोलापूरला कशातून न्यायचं?” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन करून त्यांनीच सांगितलं, “मागे आणखी एक हँडल लावा, डाव्या बाजूला. आई डावीकडे बसते.”

खर्च सगळा मिळून एका बऱ्यापैकी स्कूटीएवढा आला. टप्प्याटप्प्यानं केला म्हणून झेपला.

आता सासूबाईंच्या तपासण्या तीन महिन्यांतून एकदा असतात. तरी दर महिन्याला काहीतरी कारण निघतंच. कधी रूपाभवानीचं दर्शन, कधी चादरी घ्यायच्या असतात. गेल्या खेपेला वैरागच्या पुढे त्याच दगडाजवळून जाताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. मी घाबरले. म्हटलं, “काय झालं आई? वास येतोय का?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या, “एसी जरा कमी कर. गार पडले माझे पाय.”