प्रांत बदलला, श्रेयांकांचे काय?
(कॅनडात वैद्यकाची पूर्वतयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठी)

व्यापाराच्या निमित्ताने एक प्रांत सोडून दुसऱ्या प्रांतात जाणे ही गोष्ट आपल्या समाजास नवीन नाही. पेढी उचलून नव्या गावी मांडावयाची म्हणजे कोणती बाकी वसूल होईल, कोणती बुडेल आणि जुन्या गावची पत नव्या बाजारात किती चालेल, याचा हिशेब आपल्या वाडवडिलांनी अनेकदा केलेला आहे. आज आपल्यापैकी कित्येकांचे बंधू, पुतणे व कन्या कॅनडासारख्या दूरदेशी स्थायिक झाल्या आहेत. त्यांची मुले तेथे वैद्यकाच्या वाटेस लागली आहेत. आणि वडिलांची नोकरी अथवा व्यवसाय एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला की तोच जुना हिशेब नव्या रूपाने त्यांच्यापुढे उभा राहतो. यंदाच्या स्मरणिकेत या विषयास थोडी जागा द्यावी असे आम्हांस वाटले, त्यास कारणही तसेच घडले.

आमच्या एका स्नेह्यांची पुतणी ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पदवीची दोन वर्षे पुरी करून वडिलांसमवेत ऑन्टॅरिओत गेली. गुण उत्तम होते. त्यामुळे नव्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षात आपण सहज बसू, अशी सर्वांची समजूत होती. प्रवेश मिळालाही. परंतु वर्ग सुरू होण्यास दोन आठवडे उरले असता विद्यापीठाचे पत्र आले, आणि दोन वर्षांच्या कामापैकी दीडच वर्ष जमेस धरले आहे असे कळले. ही तूट कशी आली व ती कितपत भरून निघाली, हे समजून घेण्यासाठी मूळ व्यवस्था पाहिली पाहिजे.

शिक्षण प्रांताचे, निर्णय विद्यापीठाचा

कॅनडात शिक्षण हा मध्यवर्ती सरकारचा विषय नव्हे. १८६७ च्या घटनात्मक कायद्याच्या ९३ व्या कलमाने तो प्रांतांकडे दिलेला आहे, आणि सर्व देशासाठी एक शिक्षणमंत्रालय तेथे नाही. त्यातही पदवी देणारे प्रत्येक विद्यापीठ आपल्या अभ्यासक्रमापुरते स्वतंत्र आहे. एका विद्यापीठात उत्तीर्ण केलेला विषय दुसऱ्याने मान्य करावा की नाही, हे ते दुसरे विद्यापीठच ठरविते. हुंडी लिहिणारा कितीही पतवान असला तरी ज्याच्यावर ती लिहिली त्याने सकारल्याशिवाय पैसा हाती येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

एका प्रांताच्या आतील अदलाबदल सुलभ व्हावी म्हणून काही प्रांतांनी मंडळे नेमली आहेत. आल्बर्टाने १९७४ मध्ये, ब्रिटिश कोलंबियाने १९८९ मध्ये आणि ऑन्टॅरिओने २०११ मध्ये अशी योजना केली. कोणत्या महाविद्यालयातील कोणता विषय कोठे मान्य होतो, याच्या याद्या ही मंडळे प्रसिद्ध करतात. परंतु या याद्या मुख्यतः त्या त्या प्रांताच्या सीमेपर्यंतच उपयोगी पडतात. सीमा ओलांडली की प्रत्येक विषयाची तपासणी नव्याने होते. अनेक पालकांची फसगत येथेच होते. प्रांतातल्या प्रांतात शेजाऱ्याच्या मुलाचे काम बिनबोभाट झाले, म्हणून आपलेही होईल असे ते धरून चालतात.

श्रेयांकांची मापे

श्रेयांक म्हणजे एखादा विषय पुरा केल्याबद्दल विद्यार्थ्याच्या खाती जमा होणारे माप. पण मण आणि शेर जसे पूर्वी गावोगावी निराळे असत, तशी ही मापेही निराळी आहेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात एका सत्राच्या विषयास सामान्यतः ३ श्रेयांक मिळतात व चार वर्षांच्या पदवीस १२० लागतात. टोरांटो विद्यापीठात त्याच लांबीच्या विषयास अर्धा श्रेयांक मिळतो व पदवीस २० पुरतात. क्विबेक प्रांताची तर रीतच वेगळी. तेथे शालेय शिक्षणानंतर बहुतेक विद्यार्थी सेजेप नावाच्या महाविद्यालयात दोन वर्षे काढतात. म्हणून मॅकगिल विद्यापीठात सेजेप पुरे करून आलेल्यास सामान्यतः ९० श्रेयांकांत पदवी मिळते, तर बाहेरच्या प्रांतातील विद्यार्थ्यास १२० करावे लागतात.

मापांचा हा फरक केवळ आकडेमोडीचा आहे. त्यात नुकसान नाही. नुकसान होते ते पुढील चार कारणांनी.

पहिले कारण असे की, विषय मान्य होणे आणि तो विशिष्ट विषयाच्या जागी मान्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या विद्यापीठातील विषयाशी आपला विषय तंतोतंत जुळला नाही, तर त्यास केवळ सामान्य श्रेयांक देतात. तो पदवीच्या बेरजेत धरला जातो, परंतु पुढील विषयासाठी लागणारी पात्रता त्याने सिद्ध होत नाही. सेंद्रिय रसायनशास्त्राचे असे वारंवार घडते. एका ठिकाणी प्रयोगशाळेचे काम त्याच विषयात अंतर्भूत असते, तर दुसऱ्या ठिकाणी तो स्वतंत्र विषय असतो.

दुसरे कारण गुणांच्या किमान मर्यादेचे. विद्यार्थी जेथे शिकला तेथे तो उत्तीर्ण ठरला, एवढ्याने भागत नाही. श्रेयांक घेणारे विद्यापीठ बहुधा त्याहून काहीशी वरची श्रेणी मागते.

तिसरे कारण निवासाच्या अटीचे. येथे निवास म्हणजे घर नव्हे. पदवीचा ठराविक भाग, बहुधा निम्मा, पदवी देणाऱ्या विद्यापीठातच पुरा झाला पाहिजे असा नियम बहुतेक ठिकाणी आढळतो. यास्तव तीन वर्षे एका प्रांतात काढून चौथ्या वर्षी दुसरीकडे जाणाऱ्याचे मोठे नुकसान संभवते.

चौथे कारण शालेय काळातील उच्च परीक्षांचे. अशा परीक्षांच्या बळावर पहिल्या विद्यापीठाने जे श्रेयांक दिले, ते दुसरे विद्यापीठ जसेच्या तसे घेत नाही. मूळ निकाल मागवून ते आपल्या नियमाने पुन्हा निर्णय करते.

गुण कोठे जातात?

श्रेयांक गेले तरी गुण सहसा त्यांच्याबरोबर जात नाहीत. नव्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर जुन्या विषयांची नोंद होते, पण सरासरी मात्र नव्याने सुरू होते. यावरून काही विद्यार्थी असा समज करून घेतात की, जुने उणे गुण आता पुसले गेले. हा समज अत्यंत घातक आहे. वैद्यक महाविद्यालये विद्यार्थी जेथे जेथे शिकला तेथील प्रत्येक संस्थेचे मूळ गुणपत्रक मागतात. ऑन्टॅरिओतील वैद्यक महाविद्यालयांचे अर्ज ज्या एका सामाईक सेवेमार्फत जातात, ती सेवाही सर्व संस्थांचे गुण घेऊन ते ४.० च्या एकाच मापावर उतरविते. हे आवश्यकही आहे. कारण एक विद्यापीठ शेकडेवारी देते, दुसरे अक्षरश्रेणी देते, तर मॅकमास्टर विद्यापीठात १२ गुणांची पट्टी वापरतात. नवी खातावणी उघडली म्हणून जुनी रोजकीर्द नाहीशी होत नाही, हे आपणां व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. काही वैद्यक महाविद्यालये गुणांचा हिशेब करताना ज्या वर्षी विद्यार्थ्याने पूर्ण अभ्यासभार घेतला तीच वर्षे पाहतात. स्थलांतराच्या गडबडीत कमी विषय घेतले, तर ते वर्ष अशा हिशेबातून गळण्याचा संभव असतो.

वैद्यकाचा दरवाजा

आपल्याकडे बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन थेट वैद्यक महाविद्यालयात जाता येते. कॅनडात तसे नाही. तेथे बहुतेक विद्यार्थी आधी पदवी घेतात व नंतर वैद्यकास जातात. वैद्यकाचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा असून मॅकमास्टर व कॅल्गरी येथे तो तीन वर्षांचा आहे. 'प्री-मेड' ही स्वतंत्र पदवी नसून वैद्यकाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यास दिलेले ते व्यावहारिक नाव होय. पूर्वापेक्षित विषयही सर्वत्र सारखे नाहीत. मॅकमास्टर कोणताही विशिष्ट विषय मागत नाही, तर अन्यत्र जीवशास्त्र, रसायनशास्त्र अथवा मानव्यविद्यांची अट आढळते. एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या मर्यादेत असतात. ओटावा विद्यापीठ ही परीक्षा मागत नाही, आणि मॅकमास्टर तिचा वाचन व आकलनाचा एकच भाग पाहते. म्हणून अमुक श्रेयांक बुडाल्याने आपले नुकसान झाले की नाही, हे पुढे कोठे अर्ज करावयाचा यावर अवलंबून असते.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न रहिवासाचा. बेळगावच्या सीमाभागातील वाचकांस हा प्रश्न चटकन उमजेल. गाव शेजारचे, बोली तीच, पण राज्य निराळे, हा अनुभव तेथे अनेकांच्या गाठी आहे. कॅनडातील बहुतेक प्रांतही वैद्यकाच्या अधिकांश जागा आपल्या रहिवाशांसाठी राखतात. रहिवासी कोणास म्हणावे, याची व्याख्या प्रत्येकाची निराळी. कोणी वास्तव्याची वर्षे मोजतो, कोणी शाळा कोठे झाली हे पाहतो. प्रांत सोडताच जुना हक्क जातो आणि नवा अद्याप मिळालेला नसतो, अशी मधली अवस्था येऊ शकते. ऑन्टॅरिओ सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे जाहीर केले की, २०२६ च्या शरद सत्रापासून वैद्यकाच्या किमान ९५ टक्के जागा प्रांताच्या रहिवाशांस राहतील व परदेशी विद्यार्थ्यांस प्रवेश मिळणार नाही. अन्य प्रांतांतही बहुतेक वैद्यक महाविद्यालये नागरिक अथवा कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसच घेतात. येथून केवळ विद्यार्थी म्हणून मुलास तिकडे पाठवून तो तेथेच डॉक्टर होईल, अशी आशा बाळगणाऱ्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यास शिक्षणसंस्था बदलावयाची असल्यास शिक्षणाच्या परवान्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो.

काय करावे?

आता त्या कन्येची हकीकत पुरी करू. तिने ब्रिटिश कोलंबियात ६० श्रेयांक मिळविले होते. नव्या मापाने ते १० झाले. विद्यापीठाने साडेसातच जमेस धरले. पदवीस २० लागत असल्याने साडेबारा उरले, म्हणजे वर्षास पाच या गतीने अडीच वर्षे. घरात काही दिवस कोणी मोकळेपणाने बोलेना. वडिलांस वाटे, आपल्या नोकरीपायी मुलीचे वर्ष गेले. मुलीस वाटे, आपण आधी चौकशी केली नाही. अखेर येथून तिच्या काकांनी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला, "विषयात काय शिकविले याचा लेखी कागद आहे काय?" मुलीने प्रत्येक विषयाची रूपरेषा जपून ठेवली होती. तीत आठवड्यांचा क्रम, पाठ्यपुस्तक, प्रयोगशाळेचे तास व गुणांची विभागणी होती. ती जोडून तिने फेरतपासणीचा अर्ज केला. दोन विषय मान्य होऊन एक श्रेयांक परत मिळाला. उरलेल्या साडेअकरापैकी दीड तिने एका उन्हाळी सत्रात पुरा केला, आणि पदवी वेळेवर हाती आली. सर्व तूट भरली नाही. एक उन्हाळा व तेवढे शुल्क गेलेच. पण वर्ष वाचले.

यावरून जे शिकावयाचे ते थोडक्यात असे. प्रवेश स्वीकारण्यापूर्वी श्रेयांकांचा निर्णय लेखी मागावा. तोंडी आश्वासनावर घर हलवू नये. प्रत्येक विषयाची रूपरेषा पहिल्या दिवसापासून जपावी, कारण वर्षे लोटल्यावर ती मिळणे कठीण जाते. निर्णय प्रतिकूल आल्यास फेरतपासणीची मुदत विचारावी व त्या मुदतीत अर्ज करावा. तिसरे वर्ष पुरे झाले असल्यास विद्यापीठ बदलण्याऐवजी जुन्या विद्यापीठाचे परवानगीपत्र घेऊन नव्या प्रांतात पाहुणा विद्यार्थी म्हणून उरलेले विषय करता येतील काय, हे पाहावे. तसे झाल्यास पदवी जुन्या विद्यापीठाचीच मिळते. आणि ज्या वैद्यक महाविद्यालयांत अर्ज करावयाचा, त्यांचे रहिवासाचे व पूर्वापेक्षित विषयांचे नियम त्या त्या वर्षी नव्याने वाचावे, कारण ते बदलत असतात.

आपल्या घरांत मुलांच्या शिक्षणास पैसा कमी पडू देत नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु पैशाइतकीच वेळेवर केलेली चौकशीही मुलांच्या उपयोगी पडते. दूरदेशी असलेल्या ज्या मुलामुलींवर असा प्रसंग येईल, त्यांनी ही गोष्ट मनात न ठेवता घरच्या वडीलधाऱ्यांस कळवावी, आणि वडीलधाऱ्यांनी दोष देण्यापूर्वी कागद मागावेत, एवढीच आमची विनंती आहे.