डेटाबेसची इशारा पातळी

पावसाळ्यात अख्ख्या कोल्हापूरचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पाणीपातळीच्या आकड्याकडे असते: 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. झॅबिक्स, नागिओससारखी देखरेखीची सॉफ्टवेअर डेटाबेसच्या जागेसाठी असेच दोन टप्पे वापरतात.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद असो वा दूध संस्थेची पावती, सगळे डेटाबेसमध्येच साठत जाते. सर्व्हरची डिस्क किती भरली हे एसएनएमपी प्रोटोकॉलने कळते, पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे. ओरॅकल डेटाबेसमध्ये माहिती ‘टेबलस्पेस’ नावाच्या कप्प्यांत राहते. डिस्कवर भरपूर जागा असूनही एखादा कप्पा भरतो आणि नवी नोंद घेतलीच जात नाही. म्हणून देखरेखीसाठी डेटाबेसमध्ये फक्त वाचनाचा अधिकार असलेले वेगळे खाते उघडावे आणि सॉफ्टवेअरने त्यातून ठरावीक वेळाने प्रत्येक कप्प्याची स्थिती तपासावी. ओरॅकलचे मूळ टप्पे 85 आणि 97 टक्के आहेत. कप्पा आपोआप वाढणारा असेल, तर टक्केवारी आजच्या आकारावर नव्हे, त्याच्या कमाल मर्यादेवर काढावी. हे चुकले की खोटे इशारे जन्मतात.

माझ्या मते टक्क्यांहून वेग महत्त्वाचा. गळीत हंगामात नोंदी झपाट्याने वाढतात, तेव्हा 80 टक्क्यांवरचा इशाराही उशिराचा ठरू शकतो. सध्याच्या वेगाने जागा किती काळ पुरेल, याचा अंदाज झॅबिक्स देते. तो जरूर लावून घ्यावा.

आर्काइव्ह लॉगच्या, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांच्या जतन केलेल्या नोंदींच्या, जागेवर मात्र स्वतंत्र लक्ष हवेच. ती भरली की ओरॅकलमधले व्यवहार जागच्या जागी थांबतात.