नदीकाठची खोली आणि पाण्याचा जोर

वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. तळेगाव (श्यामजी पंत) परिसरातल्या एखाद्या कुटुंबाला तिच्या काठच्या शेतात राहण्याजोगी खोली बांधायची असेल, तर आधी जागेचा विचार करावा, भिंतींचा नंतर. याच नदीच्या पुराने ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेच्या वर माणसे दगावली.

पूररेषा दोन असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधूच नये. आता 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे काय? दर वर्षी शक्यता १ टक्का. खोली ३० वर्षे वापरली, तर तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. (०.९९ चा तिसावा घात वर्गात काढून पाहावा.)

दोन्ही रेषांच्या मध्ये बांधायचे असल्यास पाण्याचा दाब समजून घेऊ. बाहेर १ मीटर पाणी साचले, की भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन भार येतो. पाणी २ मीटर झाले, की भार दुप्पट नव्हे, चौपट होतो, म्हणजे २ टन. दारे घट्ट लावून पाणी अडवण्याची धडपड म्हणूनच घातक ठरते. पाणी आत शिरू दिले, तर दोन्ही बाजूंचे दाब एकमेकांना तोलतात. वाहत्या पाण्याचा धक्काही वेग दुप्पट झाला की चौपट होतो.

लाकडी किंवा पत्र्याच्या खोलीला आणखी एक धोका आहे. ४ मीटर बाय ५ मीटरची बंद खोली ३० सेंटिमीटर बुडाली, तर पाणी तिला ६ टन बळाने वर उचलते. बिस्किटाचा रिकामा डबा बादलीत ठेवून हे सहज दाखवता येईल. तळाला भोके पाडली की तोच डबा बुडतो.

तेव्हा खोली खांबांवर उचलावी आणि खांबांना घट्ट जखडावी. खालची जागा मोकळी ठेवावी. तिथे भिंत घातली की ओंडके, काटक्या अडकतात आणि जोर वाढतो. काळी माती भिजून फुगते, वाळून भेगाळते, शिवाय प्रवाह ती खरवडून नेतो. खांब मुरमापर्यंत न्यावेत, खर्च वाढला तरी.

जिना नदीच्या विरुद्ध बाजूला, उंचवट्याकडे असावा. वाटेत नाला आहे का, हेही पाहावे. नदी फुगली की तिचे पाणी नाल्यात मागे सरते. अंगण कोरडे असतानाच रस्ता बंद होतो.