परक्या इंजिनावरचा गारवा

जळगाव-भुसावळकडची वैशाखातील दुपार ज्याने बंद काचांच्या मोटारीत एकदा तरी काढली आहे, त्याच्यापुढे वातानुकूलन ही चैनीची बाब असल्याचे प्रतिपादन करण्याचे धाडस कोणी करू नये. पारा 45 अंशांपलीकडे रेंगाळतो आहे, केळीच्या बागांनासुद्धा शेवरीचे किंवा गजराज गवताचे कुंपण घालून उष्ण वाऱ्यापासून जपावे लागते आहे, अशा मुलुखात मोटारीचे जुने इंजिन उतरवून दुसरे बसविण्याचा घाट घालणाऱ्या मालकाची खरी कसोटी इंजिन पहिल्यांदा धडधडते त्या दिवशी लागत नाही. त्या दिवशी पेढे वाटले जातात. एअर कंडिशनरचा विषय निघतो तो त्यानंतर, आणि तोवर बहुधा पैसे संपलेले असतात.

इंजिन बदलण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. 1973 च्या तेलसंकटाने पेट्रोल महागले, आणि पेट्रोल व डिझेल यांच्या दरांत जे अंतर सरकारी धोरणाने पुढे कित्येक वर्षे कायम राखले, त्याचा हिशेब मांडणाऱ्या बागायतदारांनी व वडापवाल्यांनी आपापल्या पेट्रोल जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसवून घेतली. महिंद्र कंपनी फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने जे डिझेल इंजिन बनवीत असे, ते या कामी फार लोकप्रिय होते. ॲम्बॅसडरच्या मालकांना तर खुद्द कारखान्यानेच वाट दाखविली. मूळच्या ब्रिटिश घडणीच्या त्या देहात हिंदुस्थान मोटर्सने इसुझुचे 1800 सी.सी.चे जपानी हृदय बसविले, तेव्हा जुन्या गाडीतही तेच का बसवू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन हमरस्त्यांच्या चौफुलीवरचे शहर असल्यामुळे लेथवाले, वेल्डर, रेडिएटरवाले आणि सुटे भाग विकणारे यांची तेथे वाण नाही. जळगावातही अजिंठा चौफुलीच्या बाजूला हे सारे मिळते. इंजिन बसविणारे हात आहेत. गारवा परत आणणारे थोडे आहेत.

याचे कारण त्या यंत्रणेच्या रचनेतच आहे. गिअरबॉक्स इंजिनाचा, आसने देहाची, अशी मोटारीतील बहुतेक अवयवांची वाटणी सरळ असते; एअर कंडिशनर मात्र दोघांच्या सामाईक मालकीचा. कॉम्प्रेसर इंजिनाला जखडलेला आणि त्याच्याबरोबर थरथरणारा, तर कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे व कूलिंग कॉइल डॅशबोर्डाखाली, म्हणजे स्थिर देहात. त्यांना जोडतात त्या रबरी नळ्या. इंजिन बदलले की या सामाईक घरातला एक भागीदार जातो आणि नवा येतो, तो आपला कॉम्प्रेसर कधी डाव्या बाजूला मागतो, कधी उजव्या, आणि जुन्या नळ्या तेथवर पोचत नाहीत.

पहिला प्रश्न ब्रॅकेटचा. नव्या इंजिनाच्या ब्लॉकवर जी रिकामी भोके असतील ती हेरून जाड पोलादी पट्टीचा आधार करून घ्यावा लागतो. डिझेलचे हादरे असे की पातळ पट्टीला काही महिन्यांत वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी चीर पडते. चांगला मिस्त्री वेल्डिंगपूर्वी क्रँकच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवून तिचे दुसरे टोक कॉम्प्रेसरच्या पुलीवर कसे बसते ते डोळा बारीक करून पाहतो, आणि दोन मिलिमीटरचा फरक दिसला तरी बोल्टाखाली वॉशर घालून भागवीत नाही, ब्रॅकेट पुन्हा लेथवर पाठवितो. पट्टा तिरका चालला तर तो आधी किंचाळतो, मग सोलवटतो.

त्याहून सूक्ष्म बाब फेऱ्यांची. पेट्रोल इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत सहज जाते. जुन्या घडणीचे डिझेल चार-साडेचार हजारांतच दमते. म्हणून पेट्रोलच्या मापाची पुली तशीच ठेवली तर कॉम्प्रेसर मंद फिरतो, आणि रस्त्यावर थंड लागणारी गाडी चौकात उभी राहिली की उबट वारा फेकू लागते. पुलीचा व्यास बदलावा लागतो, आणि भार पडताच इंजिनाची मंद गती थोडी चढविणारी तजवीजही करावी लागते. ही तजवीज जुन्या पेट्रोल गाडीत इंजिनाच्या निर्वातावर चालते. डिझेलला तसा निर्वात नसल्याने आल्टरनेटरच्या पाठीवरच्या छोट्या पंपाकडून तो उसना घ्यावा लागतो. हल्लीच्या संगणकी इंजिनांत हेच काम तारांनी होते, पण कोणत्या तारेने इंजिनाला वर्दी द्यायची हे ठाऊक असलेला वायरमन शोधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मोटारींत वातानुकूलनाची सोय प्रथम दिली, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडी नको झाली तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे. आपल्या काही कारागिरांची मजल अद्याप तेथपर्यंतच आहे, असे खेदाने म्हणावे लागते.

मग येतो गॅस. “गॅस मारून देतो, भो,” या आश्वासनावर विसंबून अनेकांनी पैसे दवडले आहेत, कारण गॅस भरण्यापूर्वी जे करायचे असते ते दिसत नाही आणि त्याला वेळ लागतो. इंजिन बदलताना नळ्या आठवडेच्या आठवडे उघड्या पडलेल्या असतात. त्यांत हवा शिरते, हवेबरोबर बाष्प, आणि पुढे हे बाष्प एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या छिद्रात गोठून वाट अडविते. म्हणून ड्रायर नवा घालायचा, आणि व्हॅक्यूम पंप लावून आतील दाब इतका उतरवायचा की पाण्याने नेहमीच्या तापमानालाच उकळावे. 30 अंशांना हे पाऱ्याच्या सुमारे 32 मिलिमीटर दाबाखाली घडते. या कामी खानदेशचा उन्हाळा मिस्त्रीच्या बाजूचा असतो: मे महिन्यात तापलेल्या पत्र्यातील ओल चटकन निघून जाते, आषाढात तीच काढायला पंपाला कितीतरी अधिक वेळ द्यावा लागतो. पंप बंद केल्यावर काटा अर्धा तास हलता कामा नये. हलला, तर कोठे तरी गळती आहे. मग नायट्रोजन भरून सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावीत बसायचे.

जुन्या ॲम्बॅसडरला आणखी एक पेच. तिचा गॅस आर-12 जातीचा; ओझोनच्या रक्षणासाठी 1987 साली झालेल्या माँट्रियल करारात, ज्यात भारत 1992 मध्ये सामील झाला, पुढे त्या गॅसच्या उच्चाटनाची तरतूद झाली. आताचा आर-134ए जुन्या खनिज तेलात मिसळत नाही, म्हणून जुने भाग धुऊन काढून तेलही बदलावे लागते. नळ्यांची लांबी बदलल्यामुळे कारखान्याच्या पाटीवरचे गॅसचे वजन निरुपयोगी ठरते आणि काट्यांवरच भिस्त ठेवावी लागते. कॉइल शून्य अंशांवर असता चौरस इंचाला सुमारे 28 पौंड, आणि कंडेन्सर 60 अंशांवर असता सुमारे 230 पौंड: हे निसर्गाचे आकडे आहेत, त्यांत घासाघीस चालत नाही. बाहेरची हवाच 45 अंशांची असली की कंडेन्सर 60 च्याही पुढे जातो. तेथे मोठा पंखा बसविण्यात जो काटकसर करतो, त्याचे इंजिनही तापते आणि गारवाही जातो.

सरकारी बाजूही आहेच. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 52 वाहनातील फेरफारांवर कडक बंधने घालते, आणि गाडी धुळ्याची एमएच-18 असो वा जळगावची एमएच-19, इंजिनावरील क्रमांक दप्तरातील नोंदीशी जुळला पाहिजे. या बदलाच्या परवानगीचा अर्ज इंजिन बसविण्यापूर्वी करावा, नंतर नव्हे.

आणि गाडी ताब्यात घेण्यास सकाळी जाऊ नये. सकाळी सगळेच गार वाटते. दुपारी दोनला, गाडी तासभर उन्हात उभी करून, काचा लावून, पारोळ्यापर्यंत जाऊन यावे. परतताना चौफुलीच्या गर्दीत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून थांबावे, झडपेपुढे हात धरावा, आणि तोवर मजुरीचा शेवटचा हप्ता खिशातच असू द्यावा.