उंबरठ्यावरचे बूट

चपला दाराबाहेर काढून घरात यायचे, ही आपली जुनी रीत. अन्नपदार्थांच्या कारखान्यांत ती फार काटेकोरपणे पाळावी लागते. पण अन्न तर टेबलावर असते. बुटांच्या तळव्याशी त्याचा काय संबंध?

लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस या जीवाणूचे उदाहरण घेऊ. तो मातीत, शेणात, सांडपाण्यात आढळतो. अन्न नीट शिजवले की तो मरतो. धोका असतो शिजवल्यानंतर. कच्च्या मालाच्या विभागातून बुटांना चिकटून तो तयार मालाच्या विभागात येऊ शकतो. तेथे ओल्या फरशीच्या भेगांत आणि गटाराच्या जाळीखाली तो ठाण मांडतो. जोरदार फवाऱ्याने फरशी धुतली, की सूक्ष्म तुषारांबरोबर टेबलावर पोहोचतो. शीतकपाटातील ४ अंश सेल्सिअस तापमानातही तो सावकाश वाढतच राहतो.

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये या जीवाणूच्या साथीत १,०६० रुग्णांची नोंद झाली. २१६ जण दगावले. रुग्णांत नवजात बालके बरीच होती. साथीचे मूळ पोलोक्वाने येथील कारखान्यातल्या, पुन्हा न शिजवता खाण्याच्या मांसपदार्थात सापडले. जीवाणूचा तोच प्रकार त्या कारखान्यातही आढळला.

अनेक कारखान्यांत दाराशी जंतुनाशकाचे उथळ टाके असते. त्यात बूट बुडवला की काम झाले, असे वाटते. पण क्लोरीन केवळ जंतूंवरच खर्च होत नाही; चिखल, चरबी, शेण यांच्यावरही ते खर्च होते. मग उरते ते नुसते गढूळ पाणी, आणि तेच पुढच्या प्रत्येक बुटाला लागते!

हे वर्गात दाखवता येते. दोन पेल्यांत पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी द्रावण घ्या. एका पेल्यात लिंबाचा रस घालून ढवळा. थोड्या वेळात रंग जातो, कारण ऑक्सिडीकारक द्रव्य रसातील सेंद्रिय पदार्थांवर खर्च झाले. टाक्यातील क्लोरीनचेही असेच होते.

म्हणून आधी तळवा घासून धुवायचा, मग जंतुनाशक लावून त्याला पुरेसा वेळ द्यायचा. त्याहून चांगले म्हणजे तयार मालाच्या विभागासाठी वेगळेच बूट ठेवायचे आणि ते तेथून बाहेर न्यायचेच नाहीत.

आपल्या शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात कोणकोणत्या चपला आत जातात? विद्यार्थ्यांना आठवडाभर निरीक्षण करून नोंद ठेवायला सांगा.