दोन डोळे गेले, टाकी मोठी झाली

केटीएम आरसी ३९० समोरून ओळखू यायची ती तिच्या दोन डोळ्यांमुळे. पुढच्या काचेखाली आत बसवलेले दोन गोल प्रोजेक्टर दिवे असे होते, की दुसऱ्या कुठल्या गाडीशी घोटाळा होणंच शक्य नव्हतं. २०२१च्या ऑगस्टमध्ये कंपनीने नव्या बांधणीची आरसी दाखवली, तेव्हा ते डोळे नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी एकच मोठा एलईडी दिवा होता आणि त्याच्याभोवती रुंद, उंच तोंड. गाडीवेड्यांनी फोटो पाहताक्षणी निकाल दिला : लूक घालवला.

हा निकाल देण्याचा हक्क मराठी मुलांना इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे, कारण गाडी इथली आहे. केटीएम ऑस्ट्रियाची, मात्र आरसी बनते पुण्याजवळ चाकणला, बजाज ऑटोच्या कारखान्यात, आणि तिथून युरोप-अमेरिकेतही गेली. बजाजने २००७मध्ये केटीएमचा साडेचौदा टक्के हिस्सा घेतला. २०१२च्या जानेवारीत चाकणची २०० ड्यूक बाजारात आली. सप्टेंबर २०१४मध्ये आरसी ३९० आली, दिल्लीतली शोरूम किंमत २ लाख ५ हजार रुपये. ३७३ सीसीचं एकच सिलिंडर, ४३.५ पीएस ताकद, अंगभर फेअरिंग. एवढ्या पैशांत एवढं तोवर कुणी दिलं नव्हतं.

आरसी येण्याच्या आदल्याच महिन्यात, १ ऑगस्टला, पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी घिवली आहे. मच्छीमारांचं गाव, समोर समुद्र, पाठीशी बोईसरची एमआयडीसी. इथल्या तरुणाला मोटरसायकल लागते ती आधी शिफ्ट गाठायला, स्टेशनला जायला, घरच्यांना बाजारात न्यायला. स्पोर्ट बाइक हा त्यापुढचा हट्ट. आणि हट्टाने घेतलेल्या गाडीवर माणूस जास्त बारकाईने बोलतो, हे बोईसरच्या कुठल्याही गॅरेजपुढे उभं राहिलं की कळतं.

म्हणूनच आरसीची नवी बांधणी मला घिवलीच्या रस्त्यावरून पाहायची आहे. सर्किटवर ती कशी धावते हे सांगणारे पुष्कळ आहेत.

जुन्या आरसीची टाकी जेमतेम १० लिटरची होती. लिटरला पंचवीस किलोमीटर धरले, तर अडीचशे किलोमीटरला ती कोरडी. घिवलीहून बोईसर, चिल्हार फाटा, मग अहमदाबाद महामार्गाने मुंबई आणि परत, एवढ्यातच काटा तळाला यायचा. नव्या गाडीत टाकी १३.७ लिटरची झाली, म्हणजे त्याच हिशेबाने जवळपास साडेतीनशे किलोमीटर. यावर पहिल्या दिवशी फारसं कुणी बोललं नाही. टाकी फोटोत दिसते, तिच्यातलं पेट्रोल दिसत नाही.

हँडलचंही तेच. जुनी क्लिप-ऑन हँडलं इतकी खाली होती, की गाडी वेगात असेतो मजा, आणि फाटक बंद किंवा ट्रकची रांग लागली की सगळा भार मनगटांवर. नव्या गाडीत हँडल वर आलं, बसणं थोडं सरळ झालं. काही जातिवंत रायडरांनी त्यावरही नाक मुरडलं : आरसी मवाळ झाली. मला हे पटत नाही. रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा पायांवर झेलत ट्रॅफिकमध्ये उभं राहणं यात कसली मर्दुमकी? नव्या फेअरिंगची आखणी ती हवा रायडरपासून दूर जावी अशी केली आहे, आणि मे महिन्यात एमआयडीसीतून जाणाऱ्याला ही सुधारणा कुठल्याही रंगसंगतीपेक्षा मोलाची आहे.

वजनाचं काम तर फारच सुरेख झालंय. दोन्ही चाकं मिळून ३.४ किलोने हलकी, फ्रेम दीड किलोने. चाकातून काढलेला किलो हा टाकीतून काढलेल्या किलोपेक्षा जास्त कामाचा असतो. चाक फिरवायलाही जोर लागतो, वळवायलाही लागतो आणि खड्ड्यातून वर आलेलं चाक पुन्हा रस्त्याला टेकवायलाही. त्यात भर म्हणून गाडी किती कलली आहे हे ओळखून चालणारं एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल आलं. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर मासळीच्या टेंपोतून पाणी गळत जातं. पावसात तिथल्याच एखाद्या वळणावर ब्रेक दाबावा लागला, तर हे तंत्र काय करतं ते कळेल. ब्रेकची पकड चाक सुटण्याआधीच हलकी होते आणि गाडी वळण धरून राहते. तरीही टायर झिजलेले असतील, तर कुठलंही यंत्र वाचवणार नाही.

चाहत्यांची खरी तक्रार इंजिनाची होती आणि ती रास्त होती. सात-आठ वर्षांनी बांधणी बदलली, ताकद मात्र ४३.५ पीएसच राहिली. एअरबॉक्स चाळीस टक्के मोठा केला, टॉर्क ३६ वरून ३७ न्यूटन-मीटर झाला, एवढंच. मे २०२२मध्ये गाडी भारतात विक्रीला आली तेव्हा किंमत ३ लाख १४ हजारांच्या घरात होती. एवढे पैसे मोजणाऱ्याने "नवं काय?" असं विचारलं, तर त्याला हट्टी म्हणता येत नाही.

आणि डोळ्यांची तक्रार? तीही मी चाहत्यांच्याच पारड्यात टाकतो. नवा चेहरा केटीएमच्या आरसी १६ या मोटोजीपीच्या गाडीवरून प्रेरणा घेतो. त्या गाडीला रात्री रस्त्याने जायचं नसतं, तिला हेडलाइट नाहीच. शर्यतीच्या गाडीच्या सपाट तोंडावर रस्त्याचा दिवा बसवायचा म्हणजे तोंड फुगणार, तसं ते फुगलं. जुन्या गाडीची मागची सीटही अशी होती, की ती सीट आहे असं वाटूच नये. शेपूट शर्यतीच्या गाडीसारखं निमुळतं दिसायचं. नव्या गाडीत ती उघडउघड सीट झाली. दिसायला तोटा, पण घिवलीत मागे कुणी बसणार नाही अशी गाडी घरात टिकत नाही.

जे कुठल्याच आरसीने आजवर नीट सोडवलेलं नाही, ते खाऱ्या वाऱ्याचं. समुद्रालगत चेनवर, बोल्टांवर, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. फेअरिंगच्या आतले बोल्ट दिसत नाहीत, म्हणून ते आधी जातात. गोड्या पाण्याने धुणं, चेन पुसून ल्यूब लावणं, रात्री गाडी शेडखाली ठेवणं, हे सगळं मालकाच्या माथी.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५मध्ये बजाजने पैसा घालून कंपनीची सूत्रं हातात घेतली. पुढच्या आरसीचा चेहरा कसा असावा, यात आता आकुर्डीचा, म्हणजे बजाजच्या मुख्यालयाचा, शब्द चालेल. तेव्हा मागणी आत्ताच नोंदवून ठेवतो : टाकी हीच ठेवा, हँडल इथेच राहू द्या, बोल्ट गंजणार नाहीत असे द्या, आणि ते दोन दिवे परत आणा.